शाळा आणि महाविद्यालय यांमधील उंबरठा : मॅट्रिकपासून श्रेयांकापर्यंत

जैन परंपरेने आहारदान, औषधदान आणि अभयदान यांच्या बरोबरीने ज्ञानदानाला स्थान दिले आहे. श्वेतांबर बांधव कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी, तर दिगंबर बांधव ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी साजरी करतात आणि त्या दिवशी ग्रंथांचे पूजन होते. परंतु पूजनापुरती ज्ञानाची उपासना संपत नाही. समाजातील मुलगा किंवा मुलगी कोणत्या इयत्तेपर्यंत शिकली आणि कोणत्या टप्प्यावर थांबली, हा त्या उपासनेचा खरा हिशेब होय. हा हिशेब मांडू लागले की एक गोष्ट ठळकपणे दिसते. विद्यार्थी बहुधा वर्षाच्या मध्येच थांबत नाहीत. ते उंबरठ्यावर थांबतात. शाळा संपते आणि महाविद्यालय सुरू होते, त्या उंबरठ्यावर गळती सर्वाधिक जाणवते. म्हणून हा उंबरठा कोणी, केव्हा आणि कोठे बांधला, तो किती वेळा हलविला गेला, आणि शाळेत असतानाच महाविद्यालयाचा काही भाग पदरात पाडून घेण्याची सोय कोठे कशी झाली, याचा मागोवा घेणे न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी उचित ठरेल.

निफाडचा सुपुत्र आणि पहिली मॅट्रिक

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली. प्रारंभी हे विद्यापीठ स्वतः शिकवीत नसे. ते परीक्षा घेई आणि पदव्या देई. विद्यापीठात प्रवेश मिळविण्यासाठी जी परीक्षा द्यावी लागे तिला मॅट्रिक्युलेशन म्हणत. पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली आणि तीत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत महादेव गोविंद रानडे होते. रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. त्यांचे बालपणीचे शिक्षण कोल्हापुरात आणि पुढील शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत झाले. १८६२ साली विद्यापीठाच्या पहिल्या बी.ए. परीक्षेतही ते उत्तीर्ण झाले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांचे सहाध्यायी होत.

येथे एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. एल्फिन्स्टन संस्थेत शाळा आणि महाविद्यालय हे दोन विभाग आरंभी एकत्रच नांदत होते. १८५६ च्या सुमारास ते वेगळे झाले. विद्यापीठाची मॅट्रिक आली आणि या विभागणीवर शिक्कामोर्तब झाले. एका अर्थाने मॅट्रिक ही शाळेची अखेरची परीक्षा नव्हतीच. ती महाविद्यालयाच्या दारावरची परीक्षा होती. शाळेने काय शिकवावे, हे शाळेबाहेरचे विद्यापीठ ठरवीत असे. शाळा आणि महाविद्यालय यांचा संबंध देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा असतो, आणि घेणाऱ्याने मान्य केले तरच देणाऱ्याच्या शब्दाला मोल राहते, हे तत्त्व तेव्हापासून आजतागायत कायम आहे. व्यापारी समाजाला हे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही. हुंडी लिहिणाऱ्या पेढीचे नाव कितीही मोठे असो, समोरच्या पेढीने ती स्वीकारली तरच ती वटते.

पेढी, व्हर्नाक्युलर फायनल आणि दूरचे महाविद्यालय

त्या काळी व्यापारी घरांतील मुलाची वाट साधारणतः ठरलेली असे. सातवीची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा झाली की मुलगा दुकानात येई, खतावणी आणि रोजमेळ शिके, काट्याचा आणि गजाचा अंदाज घेई. जो हुशार आणि ज्याच्या घरी दुसरा हात दुकानाला होता, तो इंग्रजी शाळेत जाऊन मॅट्रिक होई. मॅट्रिकनंतर मात्र प्रश्न केवळ बुद्धीचा राहत नसे, तो अंतराचा आणि खर्चाचा होई. नाशिकच्या मुलाला महाविद्यालयासाठी पुण्याला किंवा मुंबईला जावे लागे. भगूरचे विनायक दामोदर सावरकर नाशिकला शिकून मॅट्रिक झाले आणि १९०२ साली पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले, हे सर्वश्रुत उदाहरण आहे.

गोखले एज्युकेशन सोसायटीने १९२४ साली नाशिकमध्ये महाविद्यालय सुरू केले आणि नाशिककरांचे हे अंतर प्रथमच मिटले. हंसराज प्रागजी ठाकरसी या व्यापारी नावाने, म्हणजेच एच.पी.टी. या आद्याक्षरांनी, ते आजही ओळखले जाते. वाणिज्य शाखेसाठी मात्र आणखी वाट पाहावी लागली. मुंबईचे सिडनहॅम महाविद्यालय १९१३ चे, पुण्याचे बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय १९४३ चे. नाशिकमध्ये भिकुसा यमासा क्षत्रिय वाणिज्य महाविद्यालय १९५७ साली निघाले. तेही सिन्नरच्या एका उद्योजक घराण्याच्या नावाने. मराठा विद्या प्रसारक समाजाची स्थापना १९१४ ची. तिच्या शाळांचे जाळे जिल्हाभर पसरले आणि १९६९ साली नाशिकमध्ये त्या संस्थेचे मोठे महाविद्यालयही उभे राहिले.

महाविद्यालय दूर असेल तर विद्यार्थ्याला तेथे राहण्याची सोय करून देणे, हा जैन समाजाने शोधलेला उपाय होता. आचार्य विजयवल्लभसूरी यांच्या प्रेरणेने १९१५ साली मुंबईत श्री महावीर जैन विद्यालय सुरू झाले. नावात विद्यालय असले तरी त्याचे मुख्य कार्य महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलांना निवास, भोजन आणि धार्मिक संस्कार देण्याचे होते. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये शिकलेले कर्मवीर भाऊराव पाटील हे कुंभोजच्या जैन घराण्यातले. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापून वसतिगृहाची ही कल्पना जातिपातीच्या पलीकडे नेली आणि ग्रामीण महाराष्ट्राच्या शिक्षणाचा पायाच घातला.

नाशिक जिल्ह्यात या प्रवाहाचे सर्वांत ठळक स्मारक चांदवडला आहे. कर्मवीर केशवलालजी हरकचंदजी आबड यांनी १९२८ साली श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रमाची स्थापना केली. काही मुलांच्या निवासी शिक्षणातून सुरू झालेल्या या संस्थेच्या नेमिनगर परिसरात पुढे शाळा, कनिष्ठ आणि वरिष्ठ महाविद्यालय, तंत्रनिकेतन, औषधनिर्माणशास्त्र आणि अभियांत्रिकी महाविद्यालय अशी साखळीच उभी राहिली. एका परिसरात शाळेतून पदवीपर्यंत जाता येणे म्हणजे उंबरठ्याची उंची कमी करणे होय. त्या परिसरातील खेड्यांतून आलेल्या मुलामुलींना गाव सोडून दूर शहर गाठावे न लागता पुढची पायरी चढता आली.

महर्षी कर्व्यांचे वेगळे दार

उंबरठा हलविण्याचा आणखी एक प्रयत्न महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी केला. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले तेव्हा विद्यापीठाची स्वतःची प्रवेश परीक्षा ठेवली आणि मातृभाषेतून शिक्षणाची व्यवस्था केली. मॅट्रिकचे दार ज्या मुलींना जड होते, त्यांच्यासाठी त्यांनी नवे दारच बसविले. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसी यांच्या पंधरा लाख रुपयांच्या देणगीने या विद्यापीठाला स्थैर्य लाभले. पुढे या विद्यापीठाच्या परीक्षांना बाहेरून बसून, घरसंसार सांभाळत पदवीपर्यंत पोहोचलेल्या स्त्रिया महाराष्ट्राच्या अनेक गावांत होत्या. घेणाऱ्या संस्थेने ठरविले तर नियम बदलतात, हा धडा या प्रयत्नाने दिला.

अकरा अधिक चार

स्वातंत्र्यानंतर शालान्त परीक्षा विद्यापीठाकडून काढून स्वतंत्र मंडळाकडे देण्यात आली. मॅट्रिकच्या जागी १९४९ पासून एस.एस.सी. आली. त्याच सुमारास पुणे विद्यापीठ सुरू झाले आणि नाशिकची महाविद्यालये मुंबईकडून पुण्याकडे आली. १ जानेवारी १९६६ पासून महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षण मंडळाचा नवा कायदा अमलात आला.

तेव्हाची घडी अकरा अधिक चार अशी होती. अकरा वर्षे शाळा आणि चार वर्षे महाविद्यालय. मुंबई विद्यापीठात फर्स्ट इयर, इंटर, ज्युनिअर आणि सीनिअर असे टप्पे असत; पुणे विद्यापीठात पुढे प्री-डिग्री म्हणजे पी.डी.चे एक वर्ष आणि त्यानंतर पदवीची तीन वर्षे अशी मांडणी झाली. ज्येष्ठ पिढीला पी.डी. कॉमर्स हा शब्द आजही आठवत असेल. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा अकरावीची एस.एस.सी. होऊन एकदम महाविद्यालयाच्या मोठ्या वर्गात बसे. बहुतेकांचे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झालेले असे. पुढची व्याख्याने मात्र पुष्कळदा इंग्रजीतून होत. पहिल्याच वर्षी अनेकांची दमछाक होई. हे पहिले वर्ष महाविद्यालयाचे की शाळेचे, असा प्रश्न शिक्षणतज्ज्ञ विचारू लागले होते.

डॉ. कोठारी आणि नवा आकृतिबंध

या प्रश्नाला देशव्यापी उत्तर देण्याचे काम १९६४ ते १९६६ च्या शिक्षण आयोगाने केले. आयोगाचे अध्यक्ष डॉ. दौलतसिंह कोठारी हे उदयपूरच्या जैन घराण्यातले. ते नामांकित भौतिकशास्त्रज्ञ, संरक्षण मंत्रालयाचे वैज्ञानिक सल्लागार आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. आधुनिक भौतिकशास्त्र आणि स्याद्वाद यांतील साम्याविषयी त्यांनी केलेले लेखन जैन अभ्यासकांना परिचित आहे. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातले. आयोगाने जून १९६६ मध्ये अहवाल सादर केला आणि १९६८ च्या राष्ट्रीय धोरणाने १०+२+३ हा आकृतिबंध स्वीकारला.

व्यापारी दृष्टीने पाहिले तर यातील बेरीज फारच बोलकी आहे. अकरा अधिक चार म्हणजे पंधरा. दहा अधिक दोन अधिक तीन म्हणजेही पंधरा. एकूण वर्षे तेवढीच राहिली, बदलली ती विभागणी. शाळेचे शेवटचे वर्ष आणि महाविद्यालयाचे पहिले वर्ष काढून त्यांचा एक स्वतंत्र दोन वर्षांचा टप्पा तयार झाला. आयोगाचा कल हा टप्पा क्रमशः शाळांकडे देण्याकडे होता. महाराष्ट्राने मधला मार्ग काढला. अकरावी-बारावीला कनिष्ठ महाविद्यालय असे नाव मिळाले आणि हे वर्ग काही ठिकाणी वरिष्ठ महाविद्यालयांना, तर काही ठिकाणी माध्यमिक शाळांना जोडले गेले.

१९७५ साली नव्या दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. त्याच वर्षी जुन्या अकरावीचेही विद्यार्थी परीक्षेला बसले, त्यामुळे दोन तुकड्या एकदमच शाळेबाहेर पडल्या. १९७७ साली बारावीची पहिली उच्च माध्यमिक परीक्षा झाली. न्यासाने पन्नास वर्षे पूर्ण केली, त्याच सुमारास या व्यवस्थेचीही पन्नाशी भरली आहे. न्यासाच्या कार्यकाळात मोठी झालेली संपूर्ण पिढी याच घडीतून गेली.

हायस्कुलातले महाविद्यालय

शाळेला जोडलेल्या कनिष्ठ महाविद्यालयाचे मोल शहरात फारसे कळत नाही. ते तालुक्याच्या आणि बाजारपेठेच्या गावात कळते. निफाड, येवला, मनमाड, लासलगाव, सटाणा अशा गावांतून जैन कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करीत आली आहेत. पूर्वी शाळा संपली की मुलीचे शिक्षण संपे, कारण महाविद्यालय दुसऱ्या गावी आणि मुलीला एकटे पाठविण्याची रीत नाही. परिचयाच्याच शाळेत, परिचयाच्याच शिक्षकांसमोर आणखी दोन वर्षे शिकता येऊ लागल्यावर पालकांची भीड कमी झाली. बारावी झालेली मुलगी पदवीचा आग्रह धरू शकते. दहावीला थांबलेल्या मुलीचा आग्रह ऐकणारे कमी असतात. समाजातील अनेक पदवीधर भगिनींच्या प्रगतीमागे आपल्याच गावातील अकरावी-बारावीच्या या दोन वर्गांचा वाटा आहे. त्याची नोंद मात्र क्वचितच होते.

या दोन वर्षांत आणखी एक गोष्ट घडली. १९७८-७९ पासून द्विलक्षी व्यवसाय अभ्यासक्रम आले. दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय यांच्या जागी दोनशे गुणांचा व्यावसायिक विषय घेता येऊ लागला. वाणिज्य शाखेत बँकिंग, कार्यालय व्यवस्थापन, विपणन व विक्रीकला असे विषय असत. १९८८-८९ पासून किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम सुरू झाले. तांत्रिक शाखेचा असा विद्यार्थी बारावीनंतर तंत्रनिकेतनाच्या पदविकेला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊ शकतो. पदविकाधारकाला अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. हे शाळेत कमावलेल्या शिक्षणाची पुढच्या संस्थेत जमा धरण्याचेच रूप होय. त्याला वेगळे नाव नसले तरी तत्त्व तेच आहे.

वाणिज्य शाखेत सनदी लेखापालाच्या परीक्षेचेही उदाहरण देता येईल. २००६ साली सी.पी.टी. ही प्रवेश परीक्षा आली आणि २०१७ पासून तिच्या जागी फाउंडेशन परीक्षा सुरू झाली. दहावीनंतर नोंदणी करून, बारावीची परीक्षा दिल्यावर फाउंडेशनला बसता येते. पदवीची वाट न पाहता व्यावसायिक शिक्षणाचा आरंभ करण्याची ही सोय व्यापारी समाजातील मुलांनी मोठ्या आवडीने स्वीकारली. ज्यांनी आधी वाणिज्य पदवी विहित टक्केवारीने मिळविली आहे, त्यांना फाउंडेशन न देता थेट इंटरमीजिएटला जाता येते. म्हणजे दोन्ही वाटांनी केलेला अभ्यास वाया जात नाही.

सातासमुद्रापलीकडील प्रयोग

ज्या काळात महाराष्ट्र नव्या आकृतिबंधाची तयारी करीत होता, त्याच काळात अमेरिकेत या उंबरठ्यावर वेगळे प्रयोग चालू होते. तेथे महाविद्यालयीन अभ्यास क्रेडिट या एककात मोजतात. ठराविक क्रेडिट जमा झाली की पदवी मिळते. १९५५ च्या सुमारास कॉलेज बोर्ड या संस्थेने ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट ही योजना देशभर सुरू केली. हायस्कूलमधील विद्यार्थी महाविद्यालयाच्या तोडीचा विषय शिकतो, मे महिन्यात परीक्षा देतो आणि त्याला एक ते पाच असा गुणांक मिळतो. अनेक महाविद्यालये तीन किंवा त्याहून अधिक गुणांकाला क्रेडिट देतात. नामांकित संस्था चार किंवा पाचाचीच अट घालतात, आणि काही देतच नाहीत.

दुसरा प्रयोग अधिक मूलगामी होता. १९६६ साली मॅसॅच्युसेट्स राज्यात सायमन्स रॉक ही संस्था निघाली. सोळा वर्षांचा विद्यार्थी शाळा पूर्ण न करता थेट महाविद्यालयीन अभ्यास करू शकतो, अशी तिची धारणा होती. १९७४ साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजच्या परिसरात मिडल कॉलेज हायस्कूल सुरू झाले. ते हुशार मुलांसाठी नव्हते. शाळा सोडून जाण्याच्या बेतात असलेल्या मुलांसाठी होते. महाविद्यालयाच्या आवारात वावरल्याने मुलाला पुढची पायरी आपलीच वाटेल, हा त्यामागील विचार. १९८५ साली मिनेसोटा राज्याने शाळेतील विद्यार्थ्यांना सार्वजनिक खर्चाने महाविद्यालयात विषय घेण्याची कायदेशीर मुभा दिली. १९९० साली वॉशिंग्टन राज्याने तशीच योजना स्वीकारली. २००१ मध्ये न्यूयॉर्क शहरात बार्ड हायस्कूल अर्ली कॉलेज निघाले. तेथे चार वर्षांत शालान्त प्रमाणपत्राबरोबर दोन वर्षांची असोसिएट पदवीही मिळते. २००२ पासून गेट्स फाउंडेशनच्या साहाय्याने अशा शाळा अनेक राज्यांत उभ्या राहिल्या.

परदेशी स्थायिक झालेल्या जैन आणि मराठी कुटुंबांच्या घरी हे शब्द आता रोजच्या बोलण्यातले आहेत. मात्र त्यांच्या अनुभवातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, शाळेत मिळविलेले क्रेडिट प्रत्येक विद्यापीठ मान्य करील याची हमी नसते. राज्याच्या विद्यापीठात वटलेली हुंडी खासगी विद्यापीठात परत येऊ शकते. दुसरी, या योजनांचा खरा लाभ वर्ष वाचविण्यापेक्षा खर्च वाचविण्यात आणि आत्मविश्वासात आहे. ज्या घरात पूर्वी कोणी महाविद्यालयात गेलेले नाही, त्या घरातील मुलाला तो सर्वाधिक होतो.

गोवर्धनचे मुक्त विद्यापीठ

नाशिककरांना दूर पाहण्याचे कारण नाही, कारण उंबरठा हलविण्याचा महाराष्ट्रातील एक मोठा प्रयोग गंगापूर धरणाजवळ गोवर्धन येथे झाला. १९६३ साली नाशिक मतदारसंघातून बिनविरोध लोकसभेवर गेलेल्या यशवंतराव चव्हाण यांच्या नावाने १९८९ साली महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविलेले प्रा. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. ज्यांची शाळा अर्ध्यावर सुटली होती, अशा प्रौढांसाठी या विद्यापीठाने पूर्वतयारी अभ्यासक्रम आखला आणि तो उत्तीर्ण झालेल्यांना पदवीच्या पहिल्या वर्षाचे दार उघडून दिले. दुकान सांभाळणारे गृहस्थ, पोलीस शिपाई, शेतकरी, संसारी स्त्रिया यांनी या दाराने पदवी मिळविली. अमेरिकेत मुलाला शाळेत असताना महाविद्यालय भेटते. येथे शाळा सुटलेल्या माणसाला महाविद्यालय भेटले. दिशा उलट, तत्त्व एकच. अभ्यासाची मोजणी श्रेयांकांत करण्याची पद्धत सामान्य माणसाच्या परिचयाची करण्यातही मुक्त विद्यापीठांचा मोठा हातभार आहे.

शैक्षणिक जमाखर्च

२९ जुलै २०२० रोजी केंद्र सरकारने नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर केले. २०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांकांच्या शैक्षणिक बँकेचे नियम केले. या बँकेत विद्यार्थ्याचे खाते उघडते. एका संस्थेत मिळविलेले श्रेयांक तेथे जमा होतात आणि दुसऱ्या संस्थेत वापरता येतात. एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा जाहीर झाला. त्यात तीस तासांच्या अध्ययनाला एक श्रेयांक आणि वर्षाच्या बाराशे तासांना चाळीस श्रेयांक असा हिशेब मांडला आहे. विशेष म्हणजे हा आराखडा शालेय इयत्तांनाही लागू होतो. शालेय, व्यावसायिक आणि उच्च शिक्षण यांना एकाच मापात आणण्याचा देशपातळीवरील असा प्रयत्न पूर्वी झाला नव्हता. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नव्या धोरणाप्रमाणे श्रेयांकाधारित पदवी अभ्यासक्रम सुरू झाले.

काही संस्थांनी पावले पुढे टाकली आहेत. २०२० साली मद्रासच्या आय.आय.टी.ने विदाशास्त्राचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम सुरू केला. त्याच्या पात्रता परीक्षेची तयारी अकरावी-बारावीतील विद्यार्थीही करू शकतात; प्रत्यक्ष प्रवेश मात्र बारावी उत्तीर्ण झाल्यावरच मिळतो. शाळेतच पदवीचे श्रेयांक हाती पडावेत, ही स्थिती अद्याप सर्वत्र आलेली नाही. पण खाते उघडले आहे, माप ठरले आहे; वटणावळीची रीत रुळायची आहे.

ताळेबंदाची दुसरी बाजू

ताळेबंद मांडताना केवळ जमेची बाजू दाखविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कनिष्ठ महाविद्यालयाची दोन वर्षे आज मोठ्या शहरांत पोकळ होत चालली आहेत. प्रवेश एका महाविद्यालयात आणि प्रत्यक्ष दिवस खासगी शिकवणी वर्गात, अशी रीत पडली. तिला आळा घालण्यासाठी २०१८ साली राज्य शासनाला विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. ज्या दोन वर्षांत मुलाने वाचनालय, प्रयोगशाळा, वक्तृत्व आणि मैत्री यांचा अनुभव घ्यावा, ती दोन वर्षे प्रवेश परीक्षांच्या सरावात जातात. शिकवणीचे शुल्क सामान्य दुकानदाराच्या आवाक्याबाहेर गेले आहे. सहधर्मी बांधवांपैकी ज्यांची परिस्थिती बेताची आहे, ते या टप्प्यावर मूकपणे माघार घेतात. स्वाभिमानापोटी ते कोणाकडे मागत नाहीत.

येथेच एका विसंगतीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. अनेक ठिकाणी समाजाच्या शिष्यवृत्त्या पदवीपासून किंवा व्यावसायिक अभ्यासक्रमापासून सुरू होतात. वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीला प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याचा सत्कार होतो आणि त्याला साहाय्यही मिळते. ते योग्यच आहे. परंतु जो मुलगा अकरावीतच मागे फिरला, जी मुलगी दहावीनंतर घरी बसली, त्यांचे नाव सत्काराच्या यादीत येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. उंबरठ्याच्या पलीकडे पोहोचलेल्यांना दिवा दाखविला जातो, पण अंधार उंबरठ्याच्या अलीकडे असतो.

इतिहासाचा बोध

दीडशेहून अधिक वर्षांचा हा मागोवा एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगतो. शाळा कोठे संपते आणि महाविद्यालय कोठे सुरू होते, हे निसर्गाने ठरविलेले नाही. ते माणसांनी ठरविले आणि गरजेप्रमाणे बदलले. १८५९ साली ते विद्यापीठाने ठरविले, १९१६ साली कर्व्यांनी वेगळे ठरविले, १९७५ साली शासनाने बदलले, १९८९ साली मुक्त विद्यापीठाने शिथिल केले आणि २०२३ च्या आराखड्याने ते मापात बसविले. प्रत्येक वेळी काहींना दार उघडले. प्रत्येक वेळी दार उघडण्यात दात्यांचा हात होता. ठाकरसी, क्षत्रिय, आबड ही नावे त्याची साक्ष आहेत.

सुवर्णमहोत्सवानंतरच्या वाटचालीत काही गोष्टी सहज करता येण्याजोग्या आहेत. साहाय्याची सुरुवात पदवीऐवजी दहावीच्या निकालापासून करता येईल. गावातील मुलीला अकरावीसाठी शहरात यावे लागत असेल तर तिच्या निवासाची जबाबदारी समाजाने घ्यावी. श्रेयांकांचे खाते म्हणजे काय, ते कसे उघडावे, कोणते श्रेयांक कोठे चालतात, हे पालकांना मराठीत समजावून सांगणारे मार्गदर्शन वर्षातून एकदा तरी व्हावे. कारण वटेल की नाही हे न पाहता घेतलेली हुंडी पुढे त्रास देते. आणि हे सर्व करताना प्रत्येक मुलाला घाईने पुढे ढकलण्याचा मोह टाळावा. अनेकान्ताची शिकवण शिक्षणालाही लागू आहे. कोणासाठी एक वर्ष लवकर पुढे जाणे हिताचे, कोणासाठी एक वर्ष थांबून पाया पक्का करणे हिताचे. दोन्ही वाटांना मान देणारा समाजच खऱ्या अर्थाने ज्ञानोपासक म्हणविला जाईल.

निफाडहून निघालेला एक मुलगा १८५९ साली त्या उंबरठ्यापलीकडे गेला आणि पुढे न्यायमूर्ती, अर्थशास्त्रज्ञ आणि समाजसुधारक म्हणून साऱ्या देशाचा मार्गदर्शक झाला. जिल्ह्यातल्या एखाद्या बाजारपेठेच्या गावात आज तशीच बुद्धी घेऊन कोणी मुलगा किंवा मुलगी दहावीच्या वर्गात बसलेली असेल. तिच्या हाताला धरून तिला पलीकडे नेणे, हीच पुढील पन्नास वर्षांतील ज्ञानपंचमी आणि हीच श्रुतपंचमी ठरो.